वाढलं

"मग चूक प्रश्नात आहे की उत्तरात, एवढंच सांगा बुवा."

गिरीबुवा झोळी शिवत होते. सुईत दोरा जाईना. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

"बुवा, मला वेळ नाहीये."

"मंग बस की."

विनीत बसला. बसला म्हणजे नुसता टेकला. मांडीवर टॅब, हातात फोन, आणि दर अर्ध्या मिनिटाला नजर फोनवरच्या घड्याळाकडे. पावणेतीन वाजले होते.

आईवडिलांनी त्याचं नाव विनीत ठेवलं, तो त्यांचा अंदाज होता. पोरगा हुशार निघाला आणि आपण हुशार आहोत हे त्याला फारच लवकर कळलं. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याहून धरणाकाठच्या या मठीत मन शांत करायला शिकायचं म्हणून आला आणि मग जमेल त्या रविवारी येत राहिला. ते शिकणं अजून चालूच होतं.

आजचा वार मात्र रविवार नव्हता.

धरणाच्या पाण्यापलीकडे चार वाड्या होत्या. त्यांना या काठाशी जोडणारी लाँच पाच आठवडे बंद पडली होती आणि रेशनचं दुकान या काठावर होतं. विनीतच्या संस्थेनं धान्याची पोती जमवली होती. लाँच दुरुस्त होऊन उद्या सकाळी सातला पहिली फेरी करणार होती. पोती सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून कुणाला द्यायची हे ठरवायला घरोघर जाऊन मोबाईलवर फॉर्म भरून घेतला होता.

फॉर्म विनीतनं बनवला होता. यादी आज पाचला बंद होणार होती.

"दाखव तुझी पाटी," बुवा म्हणाले.

विनीतनं टॅब पुढे केला. "हा मुख्य प्रश्न. 'मागच्या महिन्यापेक्षा घरातलं धान्य.' खाली तीन बटणं. वाढलं, तेवढंच आहे, कमी झालं. वाढलं की हिरवं, कमी झालं की लाल. एका घराला चार मिनिटं लागतात. कुठेही काही टाइप करायचं नाही."

"लिवायला जागाच न्हाई?"

"लिहायला जागा दिली की लोक कादंबरी सांगत बसतात, बुवा. ती वाचणार कोण?"

"आन ज्याला ठावं न्हाई, त्यानं काय दाबायचं?"

"'माहीत नाही' मी काढूनच टाकलं." हे सांगताना विनीतचा आवाज जरा चढला. कौतुक होईल असं त्याला वाटलं असावं. "ते बटण ठेवलं की सगळे आळसानं तेच दाबतात. शिवाय प्रत्येक प्रश्न सक्तीचा आहे. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

"म्हंजी दार अडवून बसतो तुझा फॉर्म."

विनीत हसला नाही. त्याला दोन दिवस हसू आलं नव्हतं.

"तीन वाड्यांचं ठीक आहे," तो म्हणाला. "कुठे लाल, कुठे हिरवं. पण करवंदमाळ बघा. एकतीस घरं, एकतीसच्या एकतीस हिरवी. पाच आठवडे लाँच बंद आणि सगळ्यांचं धान्य वाढलं? कसं वाढेल?"

बुवांनी सुई कापडात खुपसली.

"आधी वाटलं, पाहणीला गेलेल्या मुलींनी झाडाखाली बसून बटणं दाबली. पण फॉर्म कुठे भरला ते टॅबवर उमटतं. प्रत्येक फॉर्म त्या त्या घराच्या दारात भरलाय. मग वाटलं, लोक खोटं बोलले. पण धान्य हवं म्हणून माणूस खोटं बोलेल. धान्य नको म्हणून कोण बोलतं?"

"मंग काय ठरिवलंस?"

"मी नाही, फॉर्म ठरवतो. सगळं हिरवं आलं की वाडी यादीतून आपोआप गळते." त्यानं टॅबवरची यादी पुढे केली. "गळली."

बुवांनी पुढचा टाका घातला.

त्याला खरी भीती कशाची होती, ते सांगून टाकतो. वाडी उपाशी राहील याची होतीच. पण तिच्या शेजारीच दुसरीही बसली होती. फॉर्म चुकला असं कबूल केलं, तर चारही वाड्यांच्या याद्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि विनीतवर तर नाहीच. म्हणून तो मठीत आला होता. चूक उत्तरात आहे, असं कुणीतरी म्हणावं म्हणून.

"मला इचार," बुवा म्हणाले.

"काय?"

"त्योच प्रश्न. मला बी घर हाय."

"बुवा, आता कशाला…"

"इचार."

विनीतनं नवा फॉर्म उघडला. "मागच्या महिन्यापेक्षा घरातलं धान्य?"

"वाढलं."

विनीतनं हिरवं बटण दाबलं. त्याला एकदम बरं वाटलं. "बघा! म्हणजे होऊ शकतं. कुणीतरी आणून दिलं असेल, जुनं साठवलेलं निघालं असेल…"

बुवा उठून आत गेले. दोन्ही हातांनी धरून पत्र्याचा डबा घेऊन आले आणि तो विनीतच्या मांडीवर ठेवला.

"घे. दोघांपुरता भात टाक. भूक लागली."

विनीतनं झाकण उघडलं. तळाशी करवंटीचं माप पडलं होतं. त्यानं डबा उपडा केला. माप जमिनीवर पडून गोल फिरलं आणि थांबलं. बाकी काही पडलं नाही.

"हा रिकामा आहे."

"असंल."

"तुम्ही वाढलं म्हणालात."

"म्हणालो."

"मग खोटं बोललात?"

"न्हाई."

…

"तुझ्या आईची बांगडी पिचली, की ती काय म्हणती?"

"आत्ता आईचं काय?"

"सांग की."

"वाढवली म्हणते. फुटली असं म्हणत नाही ती, तसं म्हणू न…"

विनीत तिथंच थांबला.

"घरात दाणा ऱ्हायला न्हाई, तरी बाई संपलं म्हणत न्हाई," बुवा म्हणाले. "घर ऐकत असतंय. म्हणून वाढलं म्हणायचं."

विनीत टॅबकडे बघत राहिला. एकतीस हिरवे ठिपके.

"पण मग बाकीच्या तीन वाड्यांत कमी झालं का म्हणाले?"

"ज्याच्या डब्यात थोडं हाय, त्यो कमी झालं म्हणतो."

ज्याच्या डब्यात काहीच नाही तो काय म्हणतो, ते विनीतनं स्वतःच जुळवलं. सगळ्यात हिरवी वाडी, सगळ्यात आधी गळलेली. आणि ते रंग त्यानंच निवडले होते.

मग त्याची बोटं भराभर चालायला लागली. घाबरलेला हुशार माणूस आधी काहीतरी दुरुस्त करायला घेतो.

"प्रश्नाचा प्रकार बदलतो. बटणं नकोत, आकडा घेतो. धान्य किती किलो आहे?"

"तितं किलोत कोण मोजतं? करवंटीनं मोजत्यात. आन एकेकीची करवंटी निराळी."

"मग मोकळी जागा देतो. बाई सांगेल ते शब्दात लिहायचं."

"काय सांगंल ती?"

विनीतनं ओठ चावला. "…वाढलं."

"आन तुझी पोरगी तेच लिवील."

"मग फोटो! डब्याचा फोटो काढायचा. फोटोत तरी दिसेल ना?"

"रिकामा डबा परक्याला कोण दाखवंल? तू दाखवशील?"

विनीतनं टॅब खाली ठेवला. घाटाच्या बाजूनं वारा सुटला होता आणि मठीचं दार आपटत होतं. सव्वातीन वाजले होते.

"मग तुम्हाला कसं कळतं?" तो जवळजवळ ओरडलाच. "चाळीस वर्षं दारोदार फिरताय तुम्ही. तुम्ही काय विचारता?"

"मी कुठं इचारतो? 'माई, वाढ' म्हणतो आन उभा ऱ्हातो."

"आणि?"

"आत माप डब्याच्या तळाला घासतं. त्याचा आवाज येतो. जितका मोठा आवाज, तितकं कमी धान्य."

बुवांनी जमिनीवरची करवंटी उचलून डब्यात टाकली. ती मोठ्यानं वाजली.

"गेल्या सोमवारी होडीनं करवंदमाळला गेलतो. एकतीस दारं केली." ते थांबले. "कुणी डबाच उघडला न्हाई. आवाज बी आला न्हाई."

…

"मग तुम्ही काय खाल्लंत?"

"जेवलो की."

विनीतनं त्यांच्याकडे नीट बघितलं. आज सकाळपर्यंत हे उत्तर त्यानं तसंच भरून घेतलं असतं.

"बुवा, हे तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाहीत?"

"दुकानदाराला सांगितलं. त्यो म्हणाला, लाँच सुरू होऊ दे. तुझ्या पोरी होडीला जात हुत्या, त्यान्ला बी सांगितलं. लई चांगल्या पोरी. म्हणाल्या, खरं हाय बुवा, पण ह्ये लिवायला जागा न्हाई."

विनीतला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही. बुवांनीही आवर म्हणून सांगितलं नाही. झोळीचे राहिलेले टाके ते घालत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या सरनाईक मॅडम होत्या. यादीवर सही त्यांची असणार होती.

"विनीत, मी यादी आत्ताच बंद करतेय. गाडीत पोती चढवायची आहेत. फॉर्म बरोबर आहे ना तुझा? हो की नाही सांग, मला वेळ नाहीये."

दोन बटणं. विनीतला आवडायचे तसलेच प्रश्न.

बुवांची सुई थांबली.

"नाही," विनीत म्हणाला.

"काय नाही?"

"बरोबर नाही. करवंदमाळला सगळीकडे हिरवं आलंय, ते चुकलंय. त्या घरांत धान्य वाढलेलं नाही मॅडम, संपलंय."

"मुलींनी चुकीचं भरलं का?"

इथं तो सुटू शकत होता. फॉर्म जमा करून मुली पुन्हा पलीकडे गेल्या होत्या. तिकडे फोन लागत नव्हता, त्यामुळे त्यांना कुणी विचारूही शकलं नसतं.

"नाही. मुलींनी ऐकलं तेच दाबलं. प्रश्नच चुकला होता. तो मी केला होता."

"किती घरं चुकली?"

"एकतीस तरी. बाकीच्या वाड्यांतल्या हिरव्या घरांपैकीही काही असतील."

"काही म्हणजे किती?"

"माहीत नाही."

"हे उत्तर मला चालणार नाही, विनीत."

"पण तेच खरं आहे, मॅडम. माहीत नाही."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.

"लाँच सातला सुटते," अखेर मॅडम म्हणाल्या. "साडेसहापर्यंत घरांची नवी यादी माझ्या हातात हवी. तू स्वतः गेलेलं, स्वतः बघितलेलं. नाही आली, तर आहे त्याच यादीनं पोती जातील. मी जास्त काही करू शकत नाही."

फोन बंद झाला.

पलीकडे जायला एकच साधन होतं, ते म्हणजे मासे धरणाऱ्या लिंबाजीची होडी. तिच्यात लिंबाजी सोडून आणखी एकच माणूस मावायचा. पाण्यावर वाऱ्यानं पांढऱ्या रेघा उठल्या होत्या आणि विनीतला पोहता येत नव्हतं.

"उद्या पहाटे परत आणशील ना?" त्यानं लिंबाजीला तीनदा विचारलं.

"वारं पडलं तर आणीन," लिंबाजी तिन्ही वेळा म्हणाला.

काठावर बुवांनी विनीतच्या हातातला टॅब काढून घेतला. "हितं ऱ्हाऊ दे. भिजंल."

"मग मी नोंदी कशात करू? दारात उभा राहून विचारू काय?"

बुवांनी नुकतीच शिवलेली झोळी त्याच्या खांद्यात अडकवली.

"बुवा, त्यांच्याकडे खायला नाही आणि मी झोळी घेऊन जाऊ?"

"जा."

"एकतीस दारं एका संध्याकाळी होतील? ते मला आत घेतील? त्यांनी पुन्हा वाढलं म्हटलं तर…"

"तर ऐक."

होडीत पाय टाकताना ती एका बाजूला कलली आणि त्यानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. लिंबाजीनं वल्ह्यानं होडी किनाऱ्यापासून ढकलली. पाण्याचे शिंतोडे झोळीवर उडाले.

किनारा दहा हात मागे पडल्यावर त्याला आठवलं की आपण नमस्कारही केला नाही. वळायची हिंमत नव्हती. पलीकडच्या डोंगरावर नजर ठेवूनच तो ओरडला,

"बुवा, येतो!"

बुवांनी कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि हातातल्या टॅबवरचा उघडा फॉर्म डोळ्यांजवळ धरला. मग वाऱ्यावरून ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात विचारलं,

"अरं विनीता, हितं काय दाबू? आला, का गेला?"