सरपंचाच्या अंगणातला नळ

१९८६ सालचा वैशाख. गावात नळाचं पाणी येऊन महिना झाला होता, आणि सरपंच खंडेराव डोईफोडे मठात बसून सखाहरी बुवांना विचारत होता, की गाव हेच ज्यानं आपलं घर मानलं, त्याला आपलं-परकं उरतं काय?

प्रश्न कसला, उत्तरच होतं ते. चार दिवसांनी ग्रामसभा होती. तिथं बुवांनी एवढं बोलावं, म्हणजे झालं. बुवांनीच त्याला लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, आणि गाव बुवांचं ऐकत असे.

गरज होतीच. गावाला एकच नळ मिळाला, तो खंडेरावानं आपल्या अंगणात बसवून घेतला. बाहेर गुरं तोटी मोडतील, म्हणाला. दुपारी तो झोपला की दाराला कडी. बाया रिकामे हंडे घेऊन परत जात. आता सरपंचपद जायची वेळ आली होती.

"गाव तुझं घर?" बुवांनी विचारलं.

"होय बुवा."

"मग तुझं घर कुणाचं?"

"गावाचंच की."

"बरं..." बुवांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खंडेराव दात घासत ओट्यावर आला, तर नळाखाली बुवा. अंगावर लंगोटी तेवढी. धोतर पिळून त्याच्या बायकोच्या लुगड्याशेजारी वाळत घातलेलं. हंडेवाल्या बाया पाठ फिरवून, तोंडात पदर धरून हसत होत्या.

अंग चोळता चोळता बुवांनी चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, पारूबाईला, विचारलं, काल सरपंचाला शिळी भाकरी का वाढली. ताजी मागायला जीभ गोड लागते, असं तिनं आतूनच सांगितलं. पारूबाईची जीभ किती गोड आहे ते परवा ती सासूशी भांडताना सगळ्यांनी ऐकलंय, असं एक बाई म्हणाली. दुसरीनं सरपंच झोपेत आईला हाका मारतो, हेही सांगून टाकलं.

खंडेरावाचे कान तापले.

"बुवा, हे माझं घर आहे."

"काल गावाचं होतं."

"ते... नळापुरतं."

"मी नळापुरताच आलोय. माणूस आंघोळ करतोय, बघत काय उभा राहिलास? घरात जा."

"कुठल्या घरात जाऊ, बुवा?"

बुवांनी ओल्या हातानं दाराबाहेर बोट दाखवलं.

खंडेरावानं पाहिलं. चावडी मोकळी, पार मोकळा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सगळं गाव त्याच्या अंगणात उभं होतं, आणि त्याच्या भाकरीवर बोलत होतं.



ग्रामसभेच्या आदल्या दिवशी नळ चावडीपुढं गेला. खंडेराव स्वतः मठात जाऊन बुवांना घेऊन आला. आता तरी सभेत दोन शब्द बोला, म्हणाला.

"सोनाबाईचे दोन हंडे राहिलेत," बुवा म्हणाले.

सोनाबाई म्हणजे वेशीजवळ एकटी राहणारी म्हातारी. मागच्या मंगळवारी दोनदा आली होती. कडी वाजल्याचं खंडेरावानं ऐकलं होतं, पण कूस बदलून तो पुन्हा झोपला होता.

"गड्याला सांगतो, बुवा."

"गडी नव्हता झोपला."

खंडेराव हंडे घेऊन नळावर गेला आणि सरळ तोटीला हात घातला. बुवांनी काठीनं रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. पुढं अकरा बाया होत्या. एकीनंही वाट दिली नाही.

हंडे भरले. एक डोक्यावर, एक हातात, असा तो सगळ्या गावातून गेला. फेटा भिजला, सदरा भिजला. बुवा मागून काठी टेकत येत होते.

सोनाबाईनं दार उघडलं. हंडे आत ठेवू का, असं त्यानं विचारलं. उंबऱ्याबाहेर ठेवा, ती म्हणाली. मग एकेक हंडा तिनं स्वतः आत नेला, दार लोटलं आणि आतून कडी लावली.

खंडेराव निथळत उभा राहिला.

"बुवा... सरपंचाच्या तोंडावर कडी लावली हो तिनं."

"तिचं घर आहे," बुवा म्हणाले.