सतरावे कलम

“मग यात उणे काय आहे, बुवा?”

त्रिंबकने मसुदा मिटला. संस्थानची पहिली राज्यघटना त्याने लिहिली होती. उद्या ती दरबारात मांडायची होती; त्याआधी गुरूंचा आशीर्वाद हवा होता.

मठाच्या ओसरीवर निरंजनबुवा डोळे मिटून बसले होते.

“सतरावे कलम पुन्हा वाच.”

“‘ज्या वार्तेने प्रजेत घबराट माजेल, ती संस्थानच्या कारभारी मंडळाने योग्य वेळ येईपर्यंत गुप्त ठेवावी.’”

“कुणी हरकत घेतली?”

“कुणीच नाही. सहा महिने मसुदा चावडीवर लावला होता. जुनी दप्तरेही मी चाळली. काही लपवल्यामुळे कुणाचे नुकसान झाल्याची एकही नोंद नाही.”

“लपवलेल्याची नोंद शोधत होतास...”

त्रिंबक ओशाळला. मठाचा चढ चढून घसा कोरडा पडला होता. त्याने तांब्याकडे हात नेला.

बुवांनी कोपऱ्यातली बाभळीची वाळकी फांदी उचलली आणि तांब्यावर ठेवली.

त्रिंबकचा हात थबकला. पाणी बिघडले की विहिरीच्या तोंडावर काटेरी फांदी टाकायची, ही गावाची रीत त्याने लहानपणापासून पाहिली होती.

“पाणी वाईट आहे?”

“मंडळाला ठाऊक आहे.”

“थट्टा नको, बुवा. प्यावे की नाही?”

“योग्य वेळी कळेल.”

...

“तुझी आई कशाने गेली, त्रिंबक?”

“तापाने. मी तेव्हा पुण्यात कायदा शिकत होतो. मृत्यूच्या वहीत तसेच लिहिले आहे.”

“देवीची यात्रा तोंडावर होती. लोकांनी विहिरीवर फांदी टाकली. यात्रेकरू माघारी फिरतील म्हणून मंडळाने त्याच दिवशी ती काढायला लावली. आठवड्यात पटकीने एकतीस माणसे गेली. वहीत एकतीस वेळा ताप लिहिला गेला.”

त्रिंबकने तांब्यावरच्या फांदीकडे बोट केले.

“ही... तीच फांदी?”

“तीच.”

मठात येण्यापूर्वी बुवा मंडळाचे कारकून होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. त्रिंबकलाही. तरी त्याने विचारले,

“वही कुणी लिहिली?”

बुवांनी आपला उजवा हात पुढे केला.

त्या हाताकडे त्रिंबक पाहत राहिला. लहानपणी त्याच हाताने त्याला अक्षर गिरवायला शिकवले होते.

“माझी आई होती ती... ती गेल्यापासून वीस वर्षे मी आपल्या पायाशी बसतो आहे. एकदाही सांगावेसे वाटले नाही?”

बुवांचे डोळे भरले होते. आवाज मात्र स्थिर होता.

“तुझे सतरावे कलम पाळत होतो.”