दादाचं न फाटणारं कापड

एका गावात एक भोळा विणकर होता. नाव शिदू. माग दादाचा, अक्कलही दादाचीच. दादा सांगे ते शिदू करी. तेवढंच करी.

एकदा सूत तुटलं, तरी शिदू माग चालवतच राहिला. दादा म्हणाला, "अरे, काही तुटलं की थांबायचं!"

"बरं दादा."

दादाने एक नवी खळ शोधली होती. सुताला लावली की सूत तुटत नसे, आणि कापडावर कात्रीही चालत नसे. बाजारपेठेतल्या कापडवाल्या शेठनी ते कापड घ्यावं, एवढा एकच ध्यास दादाने घेतला होता.

शेठ बघायला आले. उंबऱ्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

शिदूने माग थांबवला.

"बंद पडला वाटतं," म्हणत शेठ परतले.

दादाने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, शेठ समोर असले की काही झालं तरी थांबायचं नाही!"

"बरं दादा."

शेठ पुन्हा आले. वाकून बघताना त्यांच्या धोतराचा सोगा मागात गेला. शिदू आपला विणतोय.

"अरे गाढवा, थांब!"

"कसं थांबू? तुम्ही समोर आहात ना."

हातभर धोतर विणलं गेलं, तेव्हा दादा कात्री घेऊन धावला आणि धोतर कापून त्याने शेठना सोडवलं. अर्ध्या धोतरात उभे राहून शेठ तणतणले, "नकोच मला हे कापड! फाटणारच नसेल तर लोक दुसरं घेतील कधी?"

शेठ गेले. दादा एवढंच म्हणाला, "माणूस अडकला की कात्री घ्यायची, शिदू."

"बरं दादा."

त्या थंडीत दादा तापाने गेला. शेजारी जमले, शेठही आले. घरात दुसरं कोरं कापड नव्हतं. शेजाऱ्यांनी मागावरचंच उतरवलं. कापता येईना म्हणून अख्खं थान गुंडाळलं, शेठच्या धोतरासकट, आणि दादाला तिरडीवर बांधलं.

शिदूने पाहिलं. दादाला हात हलवता येईना, पाय हलवता येईना. तो आत जाऊन कात्री घेऊन आला.

"अरे, हे काय! थांब!" लोक ओरडले.

"शेठ समोर आहेत. थांबायचं नाही."

कापला गेला तो फक्त शेठच्या धोतराचा तुकडा. पुढे कात्री चालेना. तरी शिदू चालवतोच आहे.

शेठ वाकले. त्यांनी कापड बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाले, "शिदू, घेतो रे मी हे कापड."

शिदूने मानही वर केली नाही.

"जरा दम धरा, शेठ. दादाला सोडवतो, मग त्याच्याशीच बोला."