उलटा चेहरा

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा अर्ध्यावर राहिली. शब्द साधेच आहेत.

"महाराज, आता तरी भगवं वस्त्र द्याल ना?"

टेकडीवरच्या मठात काशिगीर महाराज सुपारी कातरत बसले होते. वर न पाहताच म्हणाले, "आता म्हणजे? काल नव्हतं ते आज काय झालं?"

"माया सुटली, महाराज." त्यांचा शिष्य म्हाळू पुढे सरकून म्हणाला. एवढ्यासाठीच तर त्यानं घरदार सोडलं होतं. "काल आई येऊन समोर बसली. घटकाभर मी तिच्याकडे पाहिलं. ओळखलंसुद्धा नाही! ती गेल्यावर दारावरच्या गोसाव्यानं सांगितलं, तुझी आई होती म्हणून."

"काही बोलली?"

"साधनेच्या वेळी बोलायची बंदी ना. दशम्यांचं फडकं ठेवलं नि गेली."

"आणि तू काय करत होतास?"

"शीर्षासन."

"अस्सं..."

महाराजांनी अडकित्ता खाली ठेवला. छाटी खोचली. आणि तो सत्तरीचा म्हातारा भिंतीच्या आधारानं डोक्यावर उभा राहिला.

"सांग, कोण?"

म्हाळू हसणार होता. पण तो निरखून पाहू लागला.

रोज पहाटे पाया पडताना पाहिलेलं तोंड ते. आता कपाळाच्या जागी दाढी. डोळे होते, नाक होतं... त्यात महाराज कुठेच नव्हते.

तो मागे सरला. "महाराज... तुम्ही सापडत नाही."

"वा! माझीही माया सुटली म्हणायची."

महाराज धापा टाकत खाली उतरले. "काल साधनेच्या रांगेत उलटे कितीजण होते रे?"

"सगळेच. मुंडण केलेले, राख फासलेले."

"आणि ती कुणापुढे येऊन बसली?"

म्हाळूला आता आठवलं. ती रांगेत कुणाला शोधत फिरली नव्हती. दारातून सरळ त्याच्यापाशीच आली होती.

भगव्या वस्त्राचं नाव पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी रांग डोक्यावर उभी राहिली. म्हाळू मात्र दशम्यांचं फडकं काखेला मारून महाराजांच्या पाया पडायला आला.

"आईकडे जातो, महाराज. पण एवढं सांगा... मला ती उलटी दिसली, मी चुकलो. तिलाही मी उलटाच दिसलो. ती कशी चुकली नाही?"

महाराज म्हणाले, "सुईणीनं पाय धरून तुला तिच्यापुढे धरलं, तेव्हा तू असाच होतास."