ओझे खांद्यावर असताना

एक वृद्ध कारागीर गावाबाहेरच्या आपल्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करीत असे. शिक्षण चौथीपर्यंत. फावल्या वेळात तो रिमोटवर उडणारी छोटी विमाने बनवी आणि माळावर उडवी. त्याचा शिष्य साखर कारखान्यात इंजिनिअर होता.

वृद्धाचा एक नियम होता. विमान हवेत सात मिनिटे. मग ते कितीही झोकात उडत असो, खाली. लिथियम पॉलिमर बॅटरीचे दहातले आठ भाग वापरायचे, दोन तसेच ठेवायचे. ही बॅटरी पुरती पिळली की फुगते, पुन्हा धड भरत नाही, आणि चार्जिंगला लावली की कधी पेटही घेते.

शिष्याला सात मिनिटे पुरेनात. रविवारी स्पर्धा होती. ज्याचे विमान सर्वांत जास्त वेळ हवेत राहील, त्याची राज्याच्या संघात निवड होणार होती. तीन वर्षे तो त्यासाठी झटत होता. एका दुपारी विमान उतरवून, सावकाश चहा घेऊन त्याने बॅटरी मोजली. प्रत्येक सेल तीन पूर्णांक सात व्होल्ट. तीनपर्यंत खाली जाऊ देता येते. म्हणजे आणखी दीड-दोन मिनिटे सहज मिळतील, असे सांगून त्याने मीटर वृद्धापुढे धरला.

वृद्धाने मीटरकडे पाहिलेही नाही. दुकानाच्या दारातली पंपाची एक मोटार दाखवली आणि ती शेजारच्या पाण्याच्या टाकीवर ठेवून यायला सांगितले.

शिष्य चकित झाला, पण मोटार खांद्यावर घेऊन चढू लागला. निम्म्या पायऱ्यांवर असताना खालून प्रश्न आला, “कसा आहेस?” शिष्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तो खाली आला, सावलीत बसला, पाणी प्याला. वृद्धाने पुन्हा तेच विचारले.

“ठीक आहे, तात्या.”

“अजून एक नेशील?”

“दोन नेईन.”

“मग मघाशी जीभ कुठं ठेवली होतीस?”

वृद्धाने तीच बॅटरी विमानात बसवली, विमान घट्ट धरले आणि शिष्याला विमानाची मोटार पूर्ण वेगाने चालवायला सांगितली. मीटरचा आकडा घसरत तीन पूर्णांक एकवर आला. मोटार थांबताच आकडा पुन्हा वर चढू लागला.

“तू बसलेल्याला विचारलंस,” वृद्ध म्हणाला. “बसल्यावर सगळेच बरे असतात. ओझं खांद्यावर असताना विचारावं. तेव्हा जे कळेल तेवढंच खरं. दोन भाग मी उगाच ठेवत नाही.”

रविवारी सात मिनिटे झाली तेव्हा शिष्याचे विमान सुरेख उडत होते. त्याने ते उतरवले. दुसऱ्या एकाचे नऊ मिनिटे राहिले. त्याची बॅटरी पावासारखी फुगून निघाली, पण निवड त्याचीच झाली.

सोमवारी शिष्य दुकानात गेला. वृद्ध खुर्चीत होता. येणारा-जाणारा खुशाली विचारी, तो म्हणे, बरा आहे. शिष्याने काही विचारले नाही. बसून राहिला. गिऱ्हाईक आले, वृद्धाने वाकून मोटार उचलली, तेव्हा तो म्हणाला, “तात्या, कसे आहात?”

वृद्ध क्षणभर तसाच वाकून राहिला. मग त्याने मोटार खाली ठेवली.

“एका बाजूनं धर,” तो म्हणाला.