सावकाश येणारा आवाज

टक्... टक्... आणि मग गप्प.

तो आवाज मी ऐकला त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी मठात झाडलोट करायचो.

"...पण बाबा, ही एवढी हळू का चालते?" निशिकांत मठाच्या बाबांना विचारत होता.

शहरात संगणकाचं मोठं काम करणारा माणूस. वडील गेले आणि तो मठात येऊन राहिला. समोर त्याचा संगणक, त्याला जोडलेली जुनी हार्ड डिस्क. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, शेवटच्या आजारात त्याच्यासाठी काही बोलून ठेवलं होतं, ते तिच्यात होतं. त्यानं ते अजून ऐकलं नव्हतं. दुसरीकडे त्याची प्रतही नव्हती.

"काय काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"केबल बदलली. दुसऱ्या पोर्टला लावली. वेग मोजून पाहिला, कितीदा तरी. कॉपी रांगायला लागली की तोडतो, काहीतरी बदलतो, पुन्हा पहिल्यापासून."

"आणि ती काय म्हणते?"

"डिस्क? लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदीत, एकच. वाचता आलं नाही, पुन्हा वाचते. वाचता आलं नाही, पुन्हा वाचते." तो जरासा हसला. "तुम्हाला नाही कळायचं, बाबा."

"नाही कळत," बाबा म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं,

"अण्णा कसे बोलायचे रे?"

"सावकाश. दम लागायचा त्यांना. एका वाक्याला..." तो थांबला. "मीच पुरं करायचो त्यांचं वाक्य."

बाबांनी त्याचा हात उचलला आणि डिस्कवर ठेवला.

"आता सुरू कर. तोडू नकोस."

दुपार गेली. मी चहा ठेवला, तो निवला. गरम करून पुन्हा आणला, तोही निवला. निशिकांतचा दुसरा हात मधूनच कीबोर्डकडे जायचा. बाबा नुसते बघायचे. हात मागे यायचा.

मग... टक्. टक्. त्याच्या तळव्याखालची थरथर थांबली.

"डिस्क गेली," तो म्हणाला. "आधीच न तोडता केलं असतं तर..."

"आलं तेवढं लाव."

संगणकातून आधी खोकला आला. मग श्वास. मग एक दमलेला आवाज.

"निशी... मला तुला... एकदा... सांगायचं होतं... की तू..."

पुढे काही नव्हतं.

निशिकांतचे ओठ हलले.

बाबांनी मान हलवली.

"नको रे. या वेळी अपुरंच राहू दे."

तो उठला. चपला हातातच घेतल्या, आणि पायऱ्या उतरून गेला.