पहिला उतारू

एकदा एका नगरसभेपुढे असा पेच आला, की वाद घालून सभासदांचे घसे बसले तरी निर्णय काही होईना.

नगर नदीच्या एका तीरावर वसलेले होते. बाजार, पाठशाळा, वैद्य, सगळे याच तीरावर. पलीकडे डोंगराच्या कुशीत एक लहानशी वस्ती होती. पावसाळ्यात नदी फुगली की नावा बांधून ठेवाव्या लागत आणि ती वस्ती एकटी पडे. त्या वस्तीत येसू नावाची एक तरुण बाई राहत असे. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोर वळण्याचे काम चाले. आदल्या पावसाळ्यात तिची आई वैद्याची वाट पाहतच गेली. नंतर येसूने महिनोन्‌महिने खपून दोन्ही तीरांवरच्या कड्यांमध्ये जाड दोर ताणला, त्यावर लाकडी कप्पी बसवली आणि कप्पीला वेताचा पाळणा टांगला. पाळण्यात माणूस बसवायचे आणि दुसऱ्या दोराने त्याला पलीकडे ओढून घ्यायचे. खाली पाणी कितीही उसळो, पाळणा वरून जाई.

लोक पाळण्यात बसू लागले आणि वाद सुरू झाला.

नावाड्यांचा मुख्य रायाजी सभेत गरजला, “आमचा जन्म या पाण्यावर गेला. ही बाई जिवंत माणसं हवेत टांगते. उद्या दोर तुटला तर प्रेतं काढायला आम्हालाच हाक माराल ना? आणि आम्ही घाटाचा कर भरतो, ही काय भरते? बंद करा तो पाळणा!”

नगरातला मोठा व्यापारी उठून शांतपणे म्हणाला, “नव्या गोष्टीला नियम आणि कर लावाल तर ती उगवतानाच खुडाल. पाळण्याला मोकळं सोडा. नियम नको, कर नको. मी स्वतः भांडवल घालायला तयार आहे.”

येसू दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही.

अखेर सभेने हा निवाडा वृद्ध आचार्यांवर सोपवला. आचार्यांनी आयुष्यभर नगराचे नियम घडवले होते. आता त्यांची दृष्टी मंद झाली होती, म्हणून लिहिण्याचे काम त्यांचा शिष्य विश्वंभर करी. “आधी तू मसुदा कर,” आचार्य त्याला म्हणाले, “मग आपण बोलू.”

विश्वंभरने जीव ओतून मसुदा केला. त्याचा धाकटा भाऊ लहानपणी याच नदीत, नाव उलटून गेला होता. काठावरून विश्वंभरने ते पाहिले होते. तेव्हापासून तो नावेत कधी बसला नव्हता. लिहिताना त्याला सतत वाटत राहिले, की आणखी एक नियम केला तर आणखी एक जीव वाचेल. दोराऐवजी लोखंडी साखळी हवी. कड्यावर दगडी मनोरे हवेत. दोन्ही तीरांवर रात्रंदिवस पहारा हवा. कर आगाऊ भरलेला हवा. लिहून झाले तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

मसुद्याची बातमी फुटली आणि व्यापारी आपणहून भेटायला आला. “उत्तम! अतिशय उत्तम नियम केलेत,” तो म्हणाला. “यातला एकही गाळू नका.”

विश्वंभरने आनंदाने हे गुरूंना सांगितले. आचार्य म्हणाले, “परवा याच माणसाला एकही नियम नको होता. आज सगळे आवडले. असं का झालं असेल रे?”

विश्वंभर मसुदा पुन्हा चाळू लागला.

“लोखंडी साखळी येसूला परवडेल?”

“नाही.”

“दगडी मनोरे?”

“नाही, आचार्य.”

“मग या नगरात कोणाला परवडतील?”

विश्वंभरचा चेहरा उतरला. “म्हणजे मी चूक केली? नियमच नकोत?”

आचार्यांनी चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू हे तुझ्या धाकट्यासाठी लिहिलंस. प्रत्येक ओळीत मला तो दिसला. तेव्हा यातली एकही ओळ मी वाईट म्हणणार नाही. उद्या माझ्याबरोबर सभेत चल.”

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी सभेत जो निवाडा दिला तो ऐकून सगळे थक्क झाले.

“पाळणा चालू राहील. त्याचं उत्पन्न येसूच्या पोटापुरतं झालं, की तिनं नावाड्यांइतकाच घाटकर भरावा, तोवर नको. पावसाळ्यात नावा बांधलेल्या असतात, तेव्हा दोर ओढायला नावाड्यांनाच कामावर घ्यावं. आणि दर बाजाराच्या दिवशी सकाळी पाळण्याची तपासणी व्हावी. ती तपासणी रायाजी करील.”

सभेत एकच गलका उडाला. विश्वंभरला तर आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्याला पाळणा बंद पाडायचा आहे, त्याच्याच हाती पाळणा द्यायचा?

रायाजी मिशीत हसला. “आणि मी धोका आहे म्हणालो तर?”

“तर पाळणा थांबेल. पण दोष कुठे आहे ते सगळ्यांसमोर बोट ठेवून दाखवायचं. दोष दाखवता आला नाही, तर त्या दिवसाचा पहिला उतारू तू. पाळण्यात आधी तू बसायचं, मग बाकीच्यांनी.”

रायाजीचे हसू मावळले.

बाजाराच्या दिवशी सकाळी कड्यावर गर्दी जमली. रायाजीने दोराचा पीळ न्‌ पीळ बोटांनी चाचपला. पाळण्याची वीण ओढून पाहिली. आपल्याला यातच बसायचे आहे हे ठाऊक असलेला माणूस जसे पाहील, तसे तो पाहत होता. मग त्याने कप्पी खाली उतरवायला लावली, उलटी केली आणि एकदम ओरडला, “थांबवा! मी बसणार नाही!”

“खोटं बोलतोय,” विश्वंभर पुटपुटला.

पण येसू पुढे झाली होती. रायाजीने बोट ठेवले होते तिथे लाकूड आतून झिजून पातळ झाले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. येसूच्या तोंडचे पाणी पळाले. “काल यातून एक गरोदर बाई गेली,” ती कशीबशी म्हणाली, आणि खाली बसून रडू लागली.

रायाजी अवघडून उभा राहिला. त्याला वाटले होते, आज आपण जिंकू. थोड्या वेळाने तो खाकरून म्हणाला, “उठ पोरी. साधं लाकूड नाही टिकायचं इथं. आमच्या नावेला वल्ह्याच्या खोबणीत शिसवीचं टणक लाकूड लावतो, तसं लावून देतो. तुझा दोर मात्र पक्का आहे हं. असा दोर मी पाहिला नव्हता.”

चार दिवसांनी नवी कप्पी बसली. रायाजीने ती पुन्हा तपासली आणि ओठ घट्ट मिटून पाळण्यात बसला. पलीकडे उतरल्यावर त्याने हात वर केला, तेव्हा दोन्ही तीरांवर जल्लोष झाला.

घरी परतताना विश्वंभरने विचारले, “आचार्य, तो दोष शोधील हे तुम्हाला कसं कळलं?”

“ज्याला एखादी गोष्ट आवडते त्याला तिचे दोष दिसत नाहीत, बाळ. येसूला कप्पीची झीज दिसली नाही, कारण पाळणा तिच्या आईसाठी होता. व्यापाऱ्याला ती कळली असती तरी त्यानं सांगितली नसती. रायाजीच्या मनात मात्र खरी भीती होती. आपण भीतीला सभेबाहेर ठेवतो, म्हणून ती बाहेर उभी राहून ‘बंद करा’ एवढंच ओरडते. तिला आत बोलावलं, कामाला लावलं, तर ती कप्पी उलटी करून पाहते. तुझ्या मसुद्यात पुष्कळ शहाणपण होतं. पण तू भिंत बांधायला निघालास. भिंतीला डोळे नसतात. आज काय झिजलंय ते तिला कसं दिसणार?” चालता चालता ते थांबले. “तुझी भीतीसुद्धा टाकून देऊ नकोस. फक्त तिला एकटीला लिहायला बसवू नकोस.”

वृद्धाचा हात धरून विश्वंभर सावकाश चालत राहिला.

पुढे आचार्य गेले आणि नगराचे नियम करण्याचे काम विश्वंभरकडे आले. एके दिवशी एक तरुण पाण्याच्या जोरावर चालणारा तेलाचा घाणा घेऊन सभेत आला. सभासदांनी नेहमीप्रमाणे दोन बाजू धरल्या. कोणी म्हणाले परवानगी द्या, कोणी म्हणाले देऊ नका. मग सगळ्यांनी विश्वंभरकडे पाहिले.

त्याने त्या तरुणाला प्रेमाने जवळ बसवून घेतले आणि विचारले, “तुझ्या या घाण्याची सगळ्यात जास्त भीती कोणाला वाटते?”

“बैलघाणा चालवणाऱ्या म्हाताऱ्या तेल्याला,” तरुण खालच्या आवाजात म्हणाला. “तो माझ्याशी बोलतसुद्धा नाही.”

“तर मग आधी त्याच्याकडे जाऊ या,” विश्वंभर म्हणाला, आणि पायांत वहाणा घालून उठला.